लिफ्ट सापडली की उतार सापडतो

स्कीइंगला गेलेल्या माणसाचा दिवस बराचसा बसण्यात आणि उभं राहण्यात जातो. लिफ्टच्या रांगेत उभं राहायचं, दोरखंडावरून डोंगर चढवणाऱ्या त्या लिफ्टवर बसायचं, वर पोचल्यावर सोबतचे गोळा होईपर्यंत पुन्हा उभं राहायचं. स्नोबोर्डवाले तर वर उतरल्या उतरल्या बर्फात बसकण मारतात, कारण लिफ्टसाठी मोकळा केलेला मागचा पाय परत बाइंडिंगमध्ये, म्हणजे बूट फळीला जखडणाऱ्या पकडीत, अडकवायचा असतो. मग एकदाचं निघायचं आणि काही मिनिटांत खाली. की पुन्हा रांग. संध्याकाळी कुणी विचारलं, "आज किती झालं?" तर उत्तर मात्र त्या मधल्या मोजक्या मिनिटांचं द्यायचं असतं. खिशातला फोन बिचारा सकाळपासून सगळंच टिपत असतो. त्या ढिगातून घसरण्याचे तुकडे तेवढे नेमके वेगळे काढणं, हे स्कीइंगची नोंद ठेवणाऱ्या अ‍ॅपचं खरं काम. नकाशे, आलेख, रंगीत रेघा ही सगळी नंतरची आरास.

असं अ‍ॅप लिहायला घेतलं की पहिला विचार कुणाच्याही डोक्यात येईल तो असा: उंची कमी होतेय आणि वेग आहे, म्हणजे माणूस उतरतोय. कागदावर बिनचूक. पण उतरणारा माणूस कुठल्याच नियमाला बांधलेला नसतो. तो मध्येच थांबतो, मागे राहिलेल्या मित्राची वाट पाहतो, पडतो, सपाट पट्ट्यावर काठ्या मारत रेंगाळतो, एखादा छोटा चढही चढतो. शिकाऊ माणूस सोप्या उतारावर इतका जपून येतो की त्याच्यापेक्षा वेगवान लिफ्टचा वेग जास्त भरतो. शिवाय संध्याकाळी पाय थकलेले, तळाचा बर्फ भुसभुशीत झालेला, म्हणून बरेचजण गोंडोलात, म्हणजे दोरखंडावरच्या बंद डब्यात, बसूनच खाली येतात. उंची कमी होतेय, वेगही आहे, आणि माणूस आत बसून खिडकीबाहेर बघतोय.

उलट लिफ्ट पाहा. ते यंत्र आहे. दोरखंडाला कायमच्या जखडलेल्या खुर्च्या सेकंदाला साधारण दोन ते अडीच मीटर जातात. स्थानकात दोरखंड सोडून देणाऱ्या खुर्च्या पाच मीटरच्या आसपास, आधुनिक गोंडोला सहापर्यंत. वेग जवळपास स्थिर, दिशा सरळ, चढण एकसारखी. दिवसभराच्या नोंदीत इतकं शिस्तीत वागणारं दुसरं काही नसतं. म्हणून मी प्रश्न उलटा धरला. उतार शोधायचाच नाही, लिफ्ट शोधायची. एका लिफ्टचं वरचं टोक आणि पुढच्या लिफ्टचं खालचं टोक यांच्या मधे जे उरतं, त्यातून थांबे वजा केले की उरलं ते स्कीइंग. दिवसातला सगळ्यांत कंटाळवाणा भाग सगळ्यांत स्वच्छ वाचता येतो आणि ज्यासाठी माणूस एवढी थंडी सोसतो तो भाग बाकी म्हणून हाती लागतो. मला ही मांडणी मनापासून आवडते.

चेअरलिफ्टचा जन्मही या मांडणीला साजेसाच आहे. पहिली चेअरलिफ्ट १९३६ साली अमेरिकेत आयडाहोमधल्या सन व्हॅलीला सुरू झाली. युनियन पॅसिफिक रेल्वेचा अभियंता जेम्स करन याने ती रचली आणि त्याला ती सुचली केळ्यांवरून. घड जहाजावर चढवण्यासाठी फिरत्या दोरखंडाला आकडे लावलेली यंत्रणा त्याला ठाऊक होती. आकड्याच्या जागी खुर्ची आली, घडाच्या जागी माणूस. माझा प्रोग्रॅमही लिफ्टवरच्या माणसाकडे असाच, चढवायचा माल म्हणून बघतो.

आता हे प्रत्यक्षात कसं होतं ते सांगतो. फोन साधारण दर सेकंदाला एक बिंदू देतो: कुठे, किती वाजता, किती वेगाने, किती उंचीवर. अर्ध्या-एक मिनिटाची खिडकी त्या बिंदूंवरून सरकवत न्यायची आणि प्रत्येक जागी तीनच गोष्टी विचारायच्या. उंची कुठल्या दराने बदलतेय? दिशा किती ढळतेय? वेग किती हलतोय? तिन्ही उत्तरं मिळून "ही बहुधा लिफ्ट", "हा बहुधा थांबा" असा अंदाज निघतो. या "बहुधा"मध्येच सगळी गोम आहे. दर सेकंदाला ताजा अंदाज मानला तर निकाल वेड्यासारखा पलट्या मारतो. दोन सेकंद लिफ्ट, तीन सेकंद स्कीइंग, पुन्हा लिफ्ट. म्हणून एका अवस्थेतून दुसरीत जाणं मुद्दाम अवघड करून ठेवावं लागतं.

आणि त्याहून मोठं शहाणपण म्हणजे लगेच ठरवायचंच नाही. लिफ्ट अधूनमधून बंद पडते. कुणीतरी चढताना अडखळतं, चालक बटण दाबतो आणि सगळे हवेत लटकून राहतात. त्या क्षणी नोंद एवढंच म्हणते की माणूस थांबला. पाच मिनिटांनी तो त्याच रेषेत, त्याच वेगाने पुढे निघाला, तेव्हा कळतं की तो कुठेच उतरला नव्हता. पुढचं माहीत झाल्यावर मागचं ठरवण्याची ही रीत गणितात चांगली रुळलेली आहे. अँड्र्यू व्हिटर्बी यांनी १९६७ साली गोंगाटातून येणारे संदेश उलगडण्यासाठी मांडलेली पद्धत इथे जशीच्या तशी लागू पडते: एकेका क्षणाचा सुटा निकाल न लावता सबंध दिवसाची सगळ्यांत संभाव्य अशी एक साखळी शोधायची. वापरणाऱ्याला हे पटत नाही. त्याला लिफ्टवर बसल्या बसल्या मागच्या उताराचे आकडे हवे असतात. म्हणून चालू पडद्यावर कच्चे आकडे दाखवायचे आणि पक्का हिशेब दिवस संपल्यावर करायचा, अशी तडजोड केली. आकडे संध्याकाळी थोडे बदलतात. ते कुणाच्या लक्षात आलं तर "कच्चे" हा शब्द पडद्यावर ठळक लिहिलेला आहेच.

चेअरलिफ्ट आणि गोंडोला सोपे. खरा त्रास ओढून नेणाऱ्या लिफ्टचा. त्यात माणूस बसत नाही. मागे टेकवलेल्या दांड्याच्या जोरावर त्याच्या स्की बर्फावरूनच वर घसरत जातात, त्यामुळे रेष किंचित नागमोडी येते. शिकाऊंसाठी जो सरकता पट्टा असतो तो तर चालण्यापेक्षाही हळू. इथे ओपनस्ट्रीटमॅप मदतीला येतो. जगभरच्या हौशी लोकांनी त्यात लिफ्टच्या रेषा, प्रकार, उतारांची नावं आणि काठिण्य भरून ठेवलंय, आणि श्रेय देऊन ते कुणालाही वापरता येतं. डोंगरात नेटवर्कचा भरवसा नाही, म्हणून तो सगळा भाग आधीच फोनमध्ये उतरवून घ्यायचा. मात्र नकाशाला साक्षीदार म्हणून बोलवावं, न्यायाधीश म्हणून नव्हे. लिफ्ट काढल्या जातात, नव्या येतात, कुणीतरी रेष चुकीच्या ओढ्यापलीकडे ओढलेली असते. नोंदीतली रेष आणि नकाशातली रेष जुळली तर लिफ्टचं नाव लावायचं. नाही जुळली तर नाव न लावता लिफ्ट म्हणायचं.

काठिण्याच्या रंगांबद्दलही थोडं बोलायला हवं. युरोपात सोप्यापासून कठीणापर्यंत निळा, लाल, काळा, काही देशांत त्याआधी हिरवा. उत्तर अमेरिकेत हिरवं वर्तुळ, निळा चौकोन, पत्त्यांतल्या चौकटसारखा काळा चौकट. हे रंग बहुतेक ठिकाणी त्या त्या डोंगरावरच्या इतर उतारांच्या तुलनेत दिलेले असतात. एका ठिकाणचा काळा दुसऱ्या ठिकाणचा लाल निघू शकतो. त्यामुळे "या मोसमातला तुमचा सर्वांत कठीण उतार" असलं काही रंगावरून सांगायचं मी टाळलं. उताराचा कोन मोजून सांगता येतो, पण कोनाला बर्फ कडक होता की मऊ हे माहीत नसतं.

उंचीचं प्रकरण मात्र सविस्तर सांगण्यासारखं आहे. जीपीएस आडवं अंतर बऱ्यापैकी सांगतं. मोकळ्या आकाशाखाली फोनची चूक पाचेक मीटरची. उंचीत चूक त्याहून मोठी, कारण सगळे उपग्रह डोक्यावर असतात, पायाखाली एकही नाही. डावी-उजवीकडची चूक समोरासमोरचे उपग्रह एकमेकांना पाहून सुधारतात, वर-खालीला ती सोय नाही. त्यात भर म्हणजे जीपीएसची उंची समुद्रसपाटीपासूनची नसते. ती पृथ्वीच्या एका गुळगुळीत गणिती आकारापासून मोजलेली असते. आल्प्समध्ये या दोन उंचींत सुमारे ५० मीटरचा फरक पडतो. आयफोन समुद्रसपाटीची उंची काढून हातात देतो, अँड्रॉइडची नेहमीची उंची त्या गणिती आकारापासूनची. म्हणजे एकाच खुर्चीवर शेजारी शेजारी बसलेले दोन मित्र एकमेकांपासून ५० मीटर वर-खाली आहेत असं दोन फोन ठामपणे सांगतात.

म्हणून बॅरोमीटर. २०११ च्या गॅलेक्सी नेक्ससमध्ये हा इवलासा दाबमापक होता, २०१४ मध्ये आयफोन ६ मध्ये आला. समुद्रसपाटीजवळ हवेचा दाब एक हेक्टोपास्कलने कमी झाला की आपण सुमारे आठ मीटर वर आलो. तीन हजार मीटरवर, हवा विरळ असल्याने, तोच एक हेक्टोपास्कल सुमारे ११ मीटरचा होतो. दाबातला अगदी बारीक फरकही हा मापक पकडतो, त्यामुळे मीटरभराची चढ-उतार त्याला कळते. बोगद्यातही तो चालतो. स्वित्झर्लंडमधल्या झरमॅटहून सुनेगाला जाणारी रेल्वे जमिनीच्या पोटातून चढते. तिथे जीपीएस गप्प, बॅरोमीटर मात्र वर चाललोय हे सांगत राहतो. दोष एवढाच की त्याला हवामान आणि डोंगर यांतला फरक कळत नाही. दिवसभरात हवा बिघडून दाब पाच हेक्टोपास्कल उतरला, तर एका जागी बसलेला माणूस त्याच्या मते पन्नासेक मीटर चढलेला असतो. तेव्हा दोघांची मोट बांधायची: मिनिटा-दोन मिनिटांच्या हालचालीत बॅरोमीटरवर विश्वास, तासांच्या हिशेबात जीपीएसवर.

यात एक गमतीची गोष्ट आहे. दाबावरून उंची काढण्याचं नेहमीचं सूत्र हवेचं तापमान ठरावीक धरून चालतं. प्रत्यक्षात हवा त्याहून थंड असली की ती दाटते आणि त्याच चढणीत दाब जास्त बदलतो. दहा अंशांच्या फरकाला सुमारे चार टक्के. म्हणजे कडाक्याच्या थंडीत १००० मीटर उतरलेल्या माणसाच्या खात्यात १०४० मीटर जमा होतात. थंडी सोसल्याचा बोनस म्हणून मी ते ठेवूही दिले असते, पण तापमानाची दुरुस्ती चार ओळींत होते, मग केली.

एकूण किती मीटर उतरलो, हा आकडा स्कीवाल्यांना फार प्रिय. तो सेकंदा-सेकंदाची घट बेरीज करून काढला तर फुगतो. रांगेत उभा असतानाही उंची मीटरभर वर-खाली डुलत असते आणि प्रत्येक डुलकी बेरजेत पडते. लिफ्ट आधी ओळखलेली असली की बेरजेची गरजच उरत नाही: वरच्या टोकाची उंची वजा खालच्या टोकाची. शिवाय ताळा आपोआप मिळतो. सकाळी जिथून निघालो तिथेच संध्याकाळी आलो, तर लिफ्टने जेवढं चढवलं तेवढंच आपण उतरलेलो असणार. ताळा जमला नाही तर एखादी लिफ्ट नोंदीतून सुटली आहे.

मग वेग. सगळ्यांना सगळ्यांत आधी हवा असतो तो कमाल वेग, आणि अ‍ॅपला सगळ्यांत कमी ठाऊक असतो तोही कमाल वेगच. दोन बिंदूंमधलं अंतर भागिले वेळ, असा वेग काढला तर दोन्ही बिंदूंच्या चुका त्यात उतरतात. जीपीएसचा रिसीव्हर म्हणून वेगळी वाट घेतो. उपग्रहाच्या लहरींची वारंवारता आपल्या हालचालीने किती बदलली, यावरून थेट वेग काढतो. तो पुष्कळच चांगला असतो. पण झाडीत, कड्यालगत, अंगाखाली दबलेल्या खिशात लहरी परावर्तित होऊन येतात आणि एखादा बिंदू भलतंच काही बोलून जातो. सरासरीत असा एक बिंदू विरून जातो. कमाल मात्र दिवसभराच्या हजारो बिंदूंतून नेमका तोच निवडून काढते.

त्यामुळे मी ठरवलं की सलग काही सेकंद टिकलेला वेगच मानायचा, रिसीव्हर स्वतःच ज्या वेगाबद्दल साशंक आहे तो सोडून द्यायचा, आणि माणसाला झेपणार नाही अशा झटक्याने वाढलेला वेगही बाद करायचा. याची पहिली प्रतिक्रिया माझ्या स्नोबोर्डवाल्या मित्राकडूनच आली.

"अरे, दुसऱ्या अ‍ॅपमध्ये मी ९२ ने गेलो. तुझ्यात ७४? तुझं अ‍ॅप हळू आहे का?"

"अ‍ॅप नाही, तू."

त्याला हे फारसं रुचलं नाही, आणि मला त्याचं म्हणणं कळतंही. मोठा आकडा दाखवणारं अ‍ॅप लोकांना आवडतं. पण वेगाच्या स्कीइंगमधला विक्रम ताशी २५५.५ किलोमीटरचा आहे. फ्रान्समध्ये वार्सच्या खास धावपट्टीवर सिमॉन बिली याने २०२३ मध्ये, अंगाला चिकटणारा रबरी सूट आणि वाऱ्याला कापणारं हेल्मेट घालून तो केला. साध्या निळ्या उतारावर फुगलेल्या जाकिटात कुणी त्याच्या निम्म्याच्या पुढे गेल्याचं फोन सांगत असेल, तर फोनला एकदा विचारून घ्यावं.

वेगाची क्रमवारी मी अ‍ॅपमध्ये ठेवली नाही, आणि ठेवणारही नाही. आंतरराष्ट्रीय स्की आणि स्नोबोर्ड महासंघाचे उतारावरच्या वर्तनाचे दहा नियम आहेत. त्यांतला दुसराच सांगतो की आपला वेग आपल्या कुवतीला, जमिनीला, बर्फाला, हवेला आणि गर्दीला साजेसा ठेवा. क्रमवारीला यांतलं काहीच दिसत नाही. तिला फक्त आकडा दिसतो, आणि वर चढायचं असेल तर तो वाढवावा लागतो, तोही त्याच उतारावर जिथे कुणाचं तरी पोर पहिल्यांदा स्कीवर उभं आहे.

अपघात ओळखण्याची सोयही मी सोडून दिली. २०२२ मध्ये ॲपलने आयफोन १४ बरोबर मोटार-अपघात ओळखणारी सोय आणली, आणि त्याच हिवाळ्यात कोलोरॅडोतल्या स्की-केंद्रांजवळच्या आपत्कालीन कक्षांत खोट्या हाकांचा पाऊस पडला. उड्या, आदळणं, जागच्या जागी थांबणं. स्कीवाल्याचा आनंदाचा दिवस त्या यंत्राला अपघातासारखा दिसत होता. एवढी साधनं हाताशी असलेल्यांना जे जड गेलं ते मी एकट्याने अर्धवट करून लोकांच्या गळ्यात बांधणं बरं नव्हे. "मी इथे आहे" असं सोबतच्यांना कळवण्याचं एक बटण आहे, तेवढं पुरे.

बॅटरीचा विषय कुणालाच चुकत नाही. थंडीत लिथियमच्या बॅटरीचा अंतर्गत रोध वाढतो, व्होल्टेज घसरतं आणि तीस टक्के दाखवणारा फोन खटकन बंद पडतो. आयफोन शून्य ते ३५ अंशांत वापरावा असं ॲपलच सांगते. डोंगरावर शून्य ही दुपारची चैन असते. उपाय म्हणजे फोन आतल्या खिशात, अंगाच्या उबेत. पण तिथे जीपीएस दबतं. आणि ठरलेल्या उतारांबाहेर जाणाऱ्यांच्या छातीशी हिमस्खलनात शोधासाठीचा ट्रान्सिव्हर असतो. तो ४५७ किलोहर्ट्झवर चालतो आणि फोनने त्याच्या कामात विघ्न येतं, म्हणून नेहमी दोघांत किमान २० सेंटीमीटर आणि शोध चालू असताना ५० सेंटीमीटर अंतर ठेवायला सांगतात. अ‍ॅप सुरू करताना मी हे सगळ्यांत आधी दाखवतो. कुणी चिडलं तर चिडो.

ऊर्जा वाचवायलाही शेवटी लिफ्टच कामी आली. माणूस लिफ्टवर आहे याची खात्री झाली की पुढची काही मिनिटं तो कुठे जाणार हे ठरलेलं असतं. मग जीपीएस दर सेकंदाला कशाला जागवायचं? ते मंद करायचं, अगदी कमी ऊर्जा खाणारा बॅरोमीटर तेवढा चालू ठेवायचा, आणि चढण संपली की पुन्हा पूर्ण जागं व्हायचं. सोबत अ‍ॅप पडद्यामागे चालू ठेवण्याचे दोन्ही प्रणालींचे नियम पाळावे लागतात. अँड्रॉइडवर कायम दिसणारी सूचना हवी, आयफोनवर वेगळी परवानगी. हे रटाळ काम आहे, त्याबद्दल अधिक लिहीत नाही. हातमोजे घातलेल्या माणसाने दिवसात दोनदाच पडद्याला हात लावावा, सकाळी आणि संध्याकाळी, एवढं पाळलं.

स्की की स्नोबोर्ड, हे ओळखता येईल का असं कुणी विचारतं. वर उतरल्यावरचा थांबा, वळणांची लय यांवरून अंदाज बांधता येतो. पण सकाळी एक प्रश्न विचारून घेतला की काम होतं. नोंदी फोनमध्येच राहतात आणि दुसऱ्याला पाठवताना सुरुवातीचा व शेवटचा तुकडा कापला जातो, कारण तो थेट मुक्कामाच्या दारापाशी नेतो. २०१८ च्या जानेवारीत स्ट्राव्हा या व्यायामाच्या नोंदी ठेवणाऱ्या अ‍ॅपच्या जागतिक नकाशावर धावणाऱ्या सैनिकांमुळे लष्करी तळांच्या आकृत्या उजळून दिसल्या होत्या, ते अजून आठवतं.

इतकं सगळं लिफ्टवर उभं केल्यावर लिफ्टच नसलेले लोक आले. स्कीच्या तळाला पकड देणारी पट्टी चिकटवून हे लोक स्वतःच्या पायांनी डोंगर चढतात, तासाला तीनशे-चारशे मीटर, कडेकडेने वळणं घेत, आणि मग पट्टी सोलून एकदाच उतरतात. त्यांच्या नोंदीत स्थिर वेग नाही, सरळ रेष नाही. माझी तिन्ही प्रश्नांची खिडकी त्यांच्यापुढे मुकी होते. सध्या काम चाललंय ते चढण आणि उतरण यांच्या मधल्या थांब्यावर. पट्ट्या काढणं, बूट आवळणं, बाइंडिंग उतरणीला लावणं यात काही मिनिटं जातातच आणि त्या मिनिटांत फोन एका विशिष्ट तऱ्हेने हलतो. अडचण अशी की वरती वारा असला तर लोक माथ्यावर हे करत नाहीत, थोडं खाली येऊन आडोशाला करतात. त्यामुळे सगळ्यांत उंच बिंदू हाच थांबा असं धरता येत नाही, आणि माथा ते आडोसा एवढा तुकडा पट्टी लावलेल्या स्कीवरच उतरलेला असतो. तो चढणीत धरायचा की उतरणीत, हे चढणाऱ्यांनाच विचारतोय. त्यांचंही आपसात एकमत नाही.